शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे (२९ एप्रिल १८६७, मुंबई – ७ एप्रिल १९३५, न्यूयॉर्क) हे भारतीय संशोधक व यंत्रशिल्पी होते. मुद्रणाचे खिळे ओतणारी यंत्रे, स्वयंचलित वजनयंत्र, विजेवर चालणारे जाहिरातफलक, घरगुती वापराची साधने आणि औषधे अशा परस्परांपासून दूरच्या क्षेत्रांत त्यांनी शोध लावले. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि सुमारे ४० एकस्वे (पेटंट) असल्याचे सांगितले जाते. समकालीनांनी त्यांना ‘भारताचे एडिसन’ असे संबोधले.

== प्रारंभीचा काळ ==

भिसे यांना लहानपणापासून यंत्रांची आणि प्रयोगांची ओढ होती. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण घरीच बनविले होते, असे त्यांच्या चरित्रकथनांत नमूद आहे. तरुणपणी ते दृष्टिभ्रमावर आधारलेले प्रयोग लोकांसमोर करून दाखवीत. विज्ञानाचा प्रसार व्हावा या हेतूने त्यांनी मुंबईत ‘सायंटिफिक क्लब’ स्थापन केला आणि ‘विविध कलाप्रकाश’ हे मराठी नियतकालिक चालविले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या प्रवाशांना पुढील स्थानक कळावे यासाठी स्थानकदर्शक यंत्र, तसेच आतील माल बदलता येणार नाही अशी बाटली, या त्यांच्या आरंभीच्या कल्पना होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा जाहीर केली. मुंबईहून पाठविलेल्या भिसे यांच्या आराखड्याला त्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. या यशानंतर ते इंग्लंडला गेले.

== लंडनमधील वास्तव्य ==

राष्ट्रीय सभेचे नेते दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजी यांच्याकडे भिसे यांची शिफारस केली. १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आलेल्या दादाभाईंचे लंडनमध्ये वजन होते. त्यांनी भिसे यांना आर्थिक साहाय्य केले आणि इतर भांडवलदार मिळवून देण्याचेही प्रयत्न केले.

या काळात भिसे यांनी ‘व्हर्टोस्कोप’ हे विजेवर चालणारे जाहिरातयंत्र तयार केले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील प्रदर्शनात मांडले गेले आणि काही दुकानांत व रेल्वे स्थानकांवरही बसविले गेले. स्वयंपाकघरातील उपकरणे, दूरध्वनीतील सुधारणा, डोकेदुखीवरील साधन, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप आणि सायकल उभी करण्याचे साधन यांचाही त्यांच्या शोधांत समावेश होतो.

== खिळे ओतण्याचे यंत्र ==

भिसे यांचे सर्वांत महत्त्वाकांक्षी काम मुद्रणक्षेत्रातील होते. त्या काळी छपाईसाठी प्रत्येक अक्षराचा धातूचा खिळा लागत असे. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतून, थंड करून व घासून तो तयार होई. छपाईची यंत्रे वेगवान झाली, तशी खिळ्यांची मागणीही वाढली. अमेरिकेत विकसित झालेली लायनोटाइप व मोनोटाइप ही यंत्रे याच गरजेतून पुढे आली होती. कमी वेळात आणि कमी खर्चात भरपूर खिळे ओतणारे यंत्र तयार करणे हे भिसे यांचे उद्दिष्ट होते. त्यांच्या यंत्राला ‘भिसोटाइप’ हे नाव मिळाले.

असे यंत्र कागदावर सिद्ध होऊन भागत नसे. साचे अत्यंत काटेकोर लागत. खिळ्यांच्या उंचीत किंचित फरक पडला, तरी काही अक्षरे ठळक तर काही पुसट उमटत. त्यामुळे कार्यशाळा, कुशल कारागीर आणि दीर्घकाळ चाचण्या चालविण्यासाठी पैसा आवश्यक होता. ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी १५,००० पौंड उभारून देण्याचे आश्वासन दिले होते, परंतु ती रक्कम उभी राहिली नाही. कार्यशाळा बंद करावी लागली आणि १९०८ च्या अखेरीस भिसे भारतात परतले.

== टाटा-भिसे सिंडिकेट ==

परतीच्या प्रवासात भिसे यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी भेट झाली. गोखले यांच्या मध्यस्थीने जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतन टाटा यांनी भांडवल देऊ केले आणि १९१० मध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ स्थापन झाले. भिसे पुन्हा लंडनला गेले व त्यांनी यंत्रात सुधारणा केल्या. तथापि या उपक्रमाला अपेक्षित व्यापारी यश लाभले नाही.

== अमेरिकेतील काळ ==

पहिल्या महायुद्धाच्या काळात भिसे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. तेथे त्यांनी खिळे ओतण्याचे ‘आयडियल टाइप कास्टर’ हे सुधारित यंत्र सिद्ध केले. त्याच्या निर्मितीसाठी १९२० मध्ये त्यांच्या नावाची कंपनीही स्थापन झाली.

रसायनक्षेत्रात त्यांनी धुण्याचे एक संयुग तयार केले. आयोडीनवर आधारलेले ‘बेसलीन’ हे औषध आणि पुढे विकसित झालेले ‘ॲटोमिडीन’ यांमुळे त्यांना आर्थिक स्थैर्य मिळाले. अमेरिकेतील एडगर केसी हे आपल्या उपचारविषयक सल्ल्यांत ॲटोमिडीनचा उल्लेख करीत, त्यामुळे हे नाव भिसे यांच्या पश्चातही टिकून राहिले. १९३० मध्ये भिसे यांनी थॉमस एडिसन यांची भेट घेतली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

== मूल्यमापन ==

भिसे यांच्या कार्यातून शोध आणि उद्योग यांमधील अंतर स्पष्ट होते. एकस्वामुळे शोधाचे उत्पादन व विक्री करण्याचा अनन्य हक्क ठरावीक मुदतीपुरता मिळतो, उत्पादनाची साधने मात्र मिळत नाहीत. ब्रिटनमध्ये त्या काळी ही मुदत १४ वर्षांची होती. भांडवलाच्या शोधात गेलेले प्रत्येक वर्ष या मुदतीतून वजा होत असे. एडिसन यांच्यापाशी स्वतःची प्रयोगशाळा, सहायकांचा ताफा आणि न्यूयॉर्कच्या धनिकांचे पाठबळ होते. भिसे यांना मात्र प्रत्येक टप्प्यावर नवा आश्रयदाता शोधावा लागला.

दादाभाई, वाच्छा आणि गोखले यांच्यासारख्या नेत्यांनी त्यांच्या कामात घातलेले लक्ष हेही उल्लेखनीय आहे. भारतीय मनुष्य यंत्रविद्येत मागे नाही, हे दाखविण्याची संधी त्यांना या कामात दिसत होती. पुढे शिशाच्या खिळ्यांची जागा छायाजुळणीने आणि नंतर संगणकाने घेतली. त्यामुळे भिसे यांची मुद्रणयंत्रे वापरातून गेली आणि त्यांचे नावही सर्वसामान्यांच्या स्मरणातून मागे पडले. पारतंत्र्याच्या काळात, औद्योगिक प्रयोगशाळेचा आधार नसताना जागतिक बाजारपेठेत स्वतःचे शोध घेऊन उतरलेला संशोधक म्हणून भारतीय तंत्रविद्येच्या इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.