आधी उंबरठा, मग वॉर्ड

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाला काय येतं? डिसेक्शन हॉलमध्ये हाताचे स्नायू ओळखता येतात, शरीरक्रियेची चार सूत्रं पाठ असतात. तापाला कोणती गोळी द्यायची, हे त्याला अजून कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. अशा मुलाला सेवाग्रामचं महाविद्यालय वर्ध्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात पंधरा दिवस राहायला पाठवतं. हातात फॉर्म घेऊन तो ओसरीवर बसतो आणि विचारतो, "आजी, माठातलं पाणी कशानं काढता?" या प्रश्नानं त्याच्या वैद्यकीला सुरुवात होते. या महाविद्यालयानं, म्हणजे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं, इतकी वर्षं जे जपलं, त्यात मला हा क्रम सगळ्यांत मोलाचा वाटतो.

या क्रमाची मुळं संस्थेच्याही आधीची आहेत. 1936 साली गांधीजी वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या शेगावला राहायला आले. पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या सुशीला नायर तिथं आल्या, त्या तरुण वयातच. गावात पटकीची साथ आली तेव्हा त्यांनी घरोघर फिरून ती हाताळली. गांधीजींच्या आश्रमातल्या छोट्या दवाखान्यातून रुग्णसेवा सुरू झाली, आणि 1944 मध्ये कस्तुरबा गेल्यानंतर बिर्लांच्या अतिथिगृहात स्त्रिया आणि मुलांसाठी पंधरा खाटांचं कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं. रुग्णालय गावात होतं, म्हणून महाविद्यालयही गावात आलं. मधल्या काळात सुशीलाबेननी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, 1962 ते 1967 या काळात त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. देशाचे डॉक्टर शहरात शिकतात आणि शहरातच राहतात, हे त्यांनी त्या खुर्चीवरून पाहिलं होतं. 1964 मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली, आणि 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, साठ विद्यार्थ्यांची पहिली बॅच सेवाग्रामात दाखल झाली. पुढे सगळा परिसर सुशीलाबेनना 'बडी बहनजी' म्हणूनच ओळखू लागला.

प्रवेश मिळालेल्या मुलांचं पहिलं शिबिर आश्रमात होतं. पंधरा दिवस तिथंच राहायचं. पहाटे उठून प्रार्थना, अंगण झाडणं, सूतकताई, श्रमदान. अंगावर खादी. कोट्याहून किंवा दिल्लीहून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे सगळं आवडतंच असं नाही. सूत तर पहिले दोन दिवस तुटतच राहतं. पण हातात झाडू घेतलेला माणूस पुढे दुसऱ्याच्या न्हाणीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. आश्रमाची ती तयारी गावात उपयोगी पडते.

गावातलं समाजसेवा शिबिर हा खरा गाभा. प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. प्राध्यापक मंडळीही सोबत मुक्कामाला असतात. मुलांची राहायची सोय गावातच होते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच कुटुंबं येतात. घरात माणसं किती, शेती आहे का, कापूस किती झाला, चूल आहे की गॅस, सांडपाणी कुठं जातं, बाळाचं वजन किती, लसी झाल्या का. वजनकाटा टांगून मुलं मोजायची, हिमोग्लोबिन तपासायचं, आहाराचा हिशेब मांडायचा. इथं पुस्तक आणि घर यांची गाठ पडते. पंडुरोगाचं कारण पुस्तकात लोहाची कमतरता असं लिहिलेलं असतं. घरात दिसतं की सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात भाजी उरलेलीच नसते. जुलाबाचं कारण माठात बुडणाऱ्या हातात सापडतं, आणि त्यावर लांब दांड्याचं ओगराळं हे साधं उत्तर असतं. मात्र ते विकत आणायला घरात कुणाच्या हातात पैसे असतात, हेही तिथंच कळतं.

पंधरा दिवसांचं शिबिर कुठलंही महाविद्यालय भरवू शकतं. फॉर्म भरले, फोटो काढले, बस परत गेली, असं झालं तर गावाच्या पदरात काहीच पडत नाही. सेवाग्रामचं बळ त्यानंतर सुरू होतं: विद्यार्थ्यानं त्याच कुटुंबांकडे पुढची काही वर्षं परत परत जायचं. शिबिरात पोटात असलेलं बाळ नंतर अंगणात रांगताना भेटतं. रक्तदाब निघालेल्या काकांनी गोळ्या मध्येच का सोडल्या, याचं उत्तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत मिळतं, कारण पहिल्या भेटीत कुणी खरं बोलत नाही. विश्वासाला वेळ लागतो, आणि अभ्यासक्रमात तो वेळ राखून ठेवावा लागतो.

देशात ही जाणीव नव्हती असं नाही. भोर समितीनं 1946 मध्येच सामाजिक दृष्टीचा डॉक्टर घडवायची शिफारस केली होती. 1975 च्या श्रीवास्तव समितीनंतर 1977 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडणारी योजना आली. तरी बहुतेक ठिकाणी खेडं भेटायचं ते मुख्यतः इंटर्नशिपमध्ये, म्हणजे मन घडून गेल्यावर.

सेवाग्रामात मात्र गावाशी नातं जुळल्यावर एक देखणी गोष्ट घडली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू यांनी ज्वारीवर आरोग्य विमा उभा केला. सुगीला प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची: भूमिहीनानं थोडी, शेतकऱ्यानं जमिनीच्या मानानं जास्त. त्या बदल्यात अचानक आलेल्या आजारपणात कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळायचे. गावातली बहुसंख्य घरं सामील झाली तरच योजना चालायची. गरिबाला फुकटाची ओशाळवाणी भावना नको, हक्क हवा, हा विचार मला त्यामागे दिसतो. ज्या पोत्यात हा हप्ता भरला जायचा, ते विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

आज जागा शंभर झाल्या आहेत. पूर्वी संस्थेच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा पेपर असायचा. 'नीट' ही देशपातळीवरची परीक्षा आल्यावर तो गेला. त्याची मला हळहळ वाटते, कारण त्या पेपरच्या निमित्तानं तरी मुलं इथं काय वाढून ठेवलंय हे वाचून यायची. आता ती ओळख आश्रमातल्या त्या पंधरा दिवसांतच करून द्यावी लागते. दुसरीकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2021-22 च्या बॅचपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभर लागू केला. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्यानं काही कुटुंबं सांभाळायची. सेवाग्रामची वाट आता सगळ्यांची झाली, याचा आनंद आहे.

त्याबरोबर एक विनंतीही. ज्या घरानं रक्त दिलं, त्या घरी तपासणीचा कागद परत गेला पाहिजे आणि तो वाचून, समजावून दिला पाहिजे. विद्यार्थी पास होऊन गेला की त्याची चार घरं आशाताईंच्या वहीत नावानिशी सोपवली पाहिजेत: कुणाची साखर वाढलेली, कुणाची सून दिवसांतली, कुणाचं बाळ वजनाला मागे. पुढच्या बॅचचं गाव दुसरं असतं. जुन्या गावातली आजी मात्र पुढेही कित्येक दिवस विचारत राहते, "आमचा डॉक्टर कधी येतो?"