पुण्याची प्रयोगशाळा, सांभरचे पक्षी आणि आपले मामा तलाव

१/ इ. स. १८८९. बुळकांडीसारख्या साथींत गावोगावची गुरे मरत होती. या रोगांच्या अभ्यासासाठी ब्रिटिश सरकारने पुण्यात जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

२/ बरोबर १३० वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, राजस्थानातील सांभर सरोवराच्या काठी सुमारे १८,००० पक्षी मृत्युमुखी पडले. पहिला संशय बर्ड फ्लूचा होता. तो खोटा ठरला. मूळच्या त्या पुणेरी संस्थेनेच निदान केले: बोटुलिझम.

३/ या रोगाच्या जीवाणूचा शोध एका अंत्यविधीशी निगडित आहे. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि त्यांतील काही दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्याच मांसातून हा जीवाणू वेगळा केला.

४/ प्राणवायू नसलेल्या चिखलात आणि कुजणाऱ्या शवात हा जीवाणू विष तयार करतो. शवावरील अळ्यांत ते साठते. अळ्या खाणाऱ्या पक्ष्याचे स्नायू लुळे पडतात, मान टाकली जाते आणि तो उथळ पाण्यातही बुडतो. मग त्याच्या शवावर पुन्हा अळ्या! हे चक्र तोडण्याचा खात्रीचा मार्ग एकच: शवे त्वरित उचलून जाळणे वा खोल पुरणे.

५/ पक्ष्यांना मारणारा ‘सी’ प्रकार माणसाला क्वचितच बाधतो. गुरांना मात्र मारू शकतो. माणसाला मुख्यतः ‘ए’, ‘बी’ आणि ‘ई’ प्रकारांचे विष भोवते. म्हणून मेलेला पक्षी खाऊ नये, उघड्या हाताने उचलूही नये.

६/ हे गोरेगावात बसून का लिहितो? आपला गोंदिया जिल्हा कोहळ्यांनी बांधलेल्या मामा तलावांचा. त्याच पाण्यात ढीवर मासे धरतात, गुरे पाणी पितात, हिवाळ्यात परदेशी बदके उतरतात. महाराष्ट्रात उरलेले मोजके सारसही याच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत जगतात. सांभरने हजारो पक्षी गमावले. आपल्या सारसांना एक साथही परवडणारी नाही.

७/ निदान प्रयोगशाळा करते, पण पहिले मेलेले बदक तलावावरच्या माणसालाच दिसते. त्याने त्याच दिवशी वनविभागाला वा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवले, तर पुढचे पक्षी वाचतात.