तळटीप : विरार लोकल, 1/87

* एचओ माप : मूळ वस्तूच्या 1/87 आकाराचे. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या छंदी मंडळींत जगभर हेच माप सर्वाधिक चालते. बारा डब्यांची विरार लोकल यात सुमारे 3 मीटर लांबीची होते.

अडचण रुळांची.

या मापाचा तयार रूळ 16.5 मिमी रुंदीचा, म्हणजे मूळच्या 1435 मिमी मार्गासाठी. वसई-विरारचा ब्रॉडगेज मार्ग 1676 मिमीचा. त्याची प्रतिकृती 19 मिमीहून रुंद भरते. अस्सल वसई रोड स्थानक उभे करायचे, तर रूळ स्वतःच्या हातांनी जुळवावे लागतात. छंदवर्गांत शिकण्यासारखे खरे कसब हेच.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी घडवलेले लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. वाचकांनी ते मुलांसह जरूर पाहावे. — संपादक