भुशातला बर्फ

मुंबईत १८३४ साली जो बर्फ मिळत होता तो अमेरिकेहून यायचा, असं मी घरात सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. "म्हणजे फ्रीजवाल्या जहाजातून?" भाचीने विचारलं. नाही गं बाई, शिडाच्या जहाजातून. फ्रीज नावाची वस्तूच नव्हती तेव्हा!

हा उद्योग बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा. थंडीत तिकडची तळी गोठतात, म्हणजे माल जवळपास फुकट. तो उकाड्याच्या देशांत नेऊन विकायचा. १८०६ मध्ये त्याने पहिला माल मार्टिनिक बेटावर नेला, तर तिथे बर्फ ठेवायला कोठारच नाही. डोळ्यांदेखत पाणी झालं. पुढे कर्जापायी तुरुंगाची हवाही खाऊन झाली. (आपल्याकडे घरच्यांनी केव्हाच नोकरीला चिकटवलं असतं.) पण गडी हटला नाही. मे १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं, दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला लागलं, तेव्हा सुमारे १०० टन शाबूत होता.

चार महिने! आपल्या सरबतातला खडा दहा मिनिटं टिकत नाही.

याची गोम साठ-सत्तर वर्षं आधी ग्लासगोत जोसेफ ब्लॅकला सापडली होती. त्याने दोन सारखी काचपात्रं एकाच खोलीत टांगली. एकात बर्फ, दुसऱ्यात जवळपास तितकंच गार पाणी. पाणी अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइट तापलं. बर्फाला वितळून तिथवर यायला साडेदहा तास लागले. एवढा वेळ खोलीची उष्णता बर्फात शिरतच होती, पण वितळण्यातच खर्ची पडत होती. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात त्याच वजनाचं पाणी शून्यापासून ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तापतं.

बाकीचं काम भुशाचं. भुसा बर्फाला 'गार ठेवतो' असं आपण म्हणतो, पण तो थंडी-बिंडी काही देत नाही. त्याच्या फटींत अडकलेली हवा उष्णतेला आत यायला वाट देत नाही, इतकंच. गोधडीचंही तेच, आत माणूस असेल तर तो उबदार राहतो, बर्फ असेल तर तो टिकतो. शिवाय ट्यूडरसाठी काम करणाऱ्या नॅथॅनिएल वायेथ याने घोड्याने ओढायचं बर्फ कापण्याचं यंत्र काढलं होतं. त्यामुळे लाद्या सारख्या चौकोनी निघत आणि एकमेकींना चिकटून रचता येत. ढीग जेवढा मोठा, तेवढा त्याच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी.

मुंबईत जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीला आइस्क्रीम ठेवलं आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण ऐकताना घरातल्या सगळ्या आज्या एका सुरात बोलल्यासारख्या वाटतात! मद्रासचं बर्फकोठार अजून उभं आहे. १८९७ मध्ये विवेकानंद तिथे राहिले होते. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी निघाली आणि यंत्राच्या बर्फापुढे तळ्याच्या बर्फाचे दिवस भरले.

मला मात्र या गोष्टीत ट्यूडरपेक्षा दुसरीच माणसं खुणावतात. अमेरिकेचा बर्फ यायच्या कितीतरी आधी अलाहाबादकडे आणि बंगालात मजूर हिवाळ्यात बर्फ करत. रॉबर्ट बार्करने १७७५ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. जमिनीत उथळ खड्डा, त्यात उसाची-मक्याची वाळकी ताटं, वर मातीची पसरट भांडी. संध्याकाळी उकळून गार केलेलं पाणी भरायचं, सूर्य उगवायच्या आत बर्फ वेचायचा. हवा शून्याच्या वर असली तरी जमायचं! १८१४ मध्ये लंडनच्या विल्यम वेल्स या डॉक्टरने दवावरच्या निबंधात त्याचा उलगडा केला: भांड्यातली उष्णता निरभ्र आकाशाकडे निघून जाते, आणि खालची वाळकी ताटं जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत.

ट्यूडरचा पारदर्शक बर्फ आल्यावर हुगळीकडचा हा चिखलट बर्फ साहेबलोकांना नकोसा झाला. ट्यूडरच्या माणसाला गव्हर्नर जनरल बेंटिंकने चांदीचा पेला दिला. भांडी मांडणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. ढग आले किंवा वारं सुटलं तर रात्र फुकट जाते, हे ते वेल्सच्या आधीपासून जाणून होते.