हातोडा पडला, पुढे काय?

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि घरचाच झाला. पण लिलावात घेतलेली वस्तू घरी कोणी पोचवायची, हा तंटा अजून मिटलेला नाही.

ठाण्याला आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी, कल्याणला १ मे १८५४ रोजी. विकणारा एका गावी, घेणारा दुसऱ्या आणि माल तिसऱ्याच्या हाती, ही रीत रेल्वेने वाढवली. वाटेत माल फुटला तर भुर्दंड कोणाला?

१९३० च्या मालविक्री कायद्याने याचे उत्तर दिले. हातोडा पडला की विक्री पुरी. वेगळे ठरले नसेल तर माल असेल तिथूनच खरेदीदाराने न्यायचा. उचलायला उशीर केला, तर राखणीचा वाजवी खर्च त्याच्याच माथी. करारानुसार माल वाहतूकदाराला सोपवला, की सकृद्दर्शनी तो खरेदीदारालाच दिल्यासारखा. मात्र वाहतुकीची व्यवस्था विक्रेत्याने नीट केलेली हवी.

२००० साली ‘बाझी डॉट कॉम’ने लिलाव संगणकावर आणला. २००४ मध्ये ती कंपनी ‘ईबे’ने घेतली, २०१८ मध्ये ईबेचे हे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. डोंबिवलीतले शिलाई मशीन नागपूरला विकणे सोपे झाले, पण समोरचा माणूस दिसेनासा झाला.

या नियमांत मला एक गोष्ट मोलाची वाटते. यातले बरेचसे लागू होतात ते आपण आधी काही ठरवले नसेल तेव्हाच. म्हणून बोली लागण्यापूर्वीच लिहून ठेवावे: भाडे कोणाचे, माल कधी न्यायचा, फुटला तर कोणी सोसायचे. कवितेत न बोललेले शोभते, व्यवहारात नाही.