चोर, शिरजोर आणि ‘खुत्स्पा’

विशाल भारद्वाजचा ‘हैदर’ पाहिलाय ना? २०१४ चा. त्यात शाहिद कपूरच्या तोंडी एक शब्द आहे, ‘चुत्स्पा’. कॉलेजात आम्ही तो महिनाभर एकमेकांवर फेकत होतो. उच्चार मात्र चुकीचा! स्पेलिंग ‘सीएच’ने सुरू होतं, पण तिथे ‘च’ नाही, घसा खरवडून काढलेला ‘ख’ आहे. खुत्स्पा.

शब्द मूळचा हिब्रू. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतून तो इंग्रजीत शिरला. अर्थ सांगायला लिओ रॉस्टनने १९६८ च्या ‘द जॉइज ऑफ यिडिश’ या पुस्तकात एक किस्सा दिलाय: आई-बापाचा खून करणारा कोर्टात दया मागतो, का तर तो आता अनाथ आहे! आपल्याकडे याला म्हणतात, चोर तो चोर, वर शिरजोर.

पण म्हणजे ही फक्त शिवी आहे का? तर नाही. तालमूद हा ज्यूंचा ग्रंथ साधारण दीड हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, संकलित झाला. त्यात एकीकडे खुत्स्पा वाढणं हे वाईट काळाचं लक्षण मानलंय. दुसरीकडे एका रब्बीचं मत आहे की खुत्स्पा देवापुढेसुद्धा कामी येतो. एकच शब्द, निर्लज्जपणा पण आणि धारिष्ट्य पण.

२००९ च्या ‘स्टार्ट-अप नेशन’ या पुस्तकानंतर तर आमच्या आयटीवाल्यांना हा शब्द कौतुकाचाच वाटायला लागला. मला नाही वाटत. माझ्या एका जुन्या लीडने मी लिहिलेलं मॉड्यूल डेमोत स्वतःच्या नावावर खपवलं. संध्याकाळी मलाच म्हणाला, “जरा समजावून सांग ना, उद्या प्रश्न आले तर?” आणि मी गुपचूप समजावलं. त्याच टीममधल्या एका फ्रेशर मुलीने भर मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांना सांगितलं, “सर, ही तारीख जमणार नाही.” लीडला सगळे म्हणाले, काय कॉन्फिडन्स! आणि तिला? आगाऊ.

खुत्स्पा दोघांकडेही होता. पण त्याची किंमत मी मोजली, तिची तिने स्वतः. हा शब्द वापरताना मी आता एवढंच बघतो.

तुमच्या गावाकडे अशा माणसाला काय म्हणतात? कोडगा, निगरगट्ट, की अजून काही? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!