सातवें आसन

कुटुंब वाढतें तें हळूहळू. पण दारांतली गाडी अपुरी पडते ती एखाद्या सकाळीं अचानक लक्षांत येते. गणपतीला कोंकणांत जावयाचें असतें. आई, बाप, दोन मुलें, आजी, आजोबा आणि धाकटी आत्या अशीं सात माणसें, आणि गाडी पांच माणसांची. मग कोणीतरी म्हणतें, "तुम्ही व्हा पुढें, मी एस्टीनें येईन." असें म्हणणारें माणूस बहुधा घरांतलें सर्वांत वडील किंवा सर्वांत अबोल असतें. सात आसनांची गाडी घ्यावी हा विचार अशा प्रसंगीं जन्मास येतो, आणि नव्या गाडीची किंमत ऐकल्यावर ती वापरलेली घ्यावी, हा दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ येतो.

वरवर पाहतां हा प्रश्न केवळ बाजाराचा आहे. परंतु जुन्या गाड्यांच्या बाजारांत आज ज्या सात आसनी गाड्या दिसतात, त्यांतील प्रत्येकीच्या शेवटच्या ओळीला एक इतिहास आहे. ती ओळ मुळांत कोणासाठीं केली, तिची रचना कोठून आली, कोणत्या करामुळें ती आंखूड झाली, हें ठाऊक असेल तर निवड पुष्कळ सोपी होते. तें ठाऊक नसेल तर माणूस रंग आणि चकाकी पाहून गाडी घेतो, आणि प्रवासाचे हाल मात्र मागें बसणाऱ्यांच्या वांट्याला येतात.

सात माणसांची मोटार ही कांहीं अलीकडची कल्पना नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत पॅकार्ड, कॅडिलॅक, ब्यूक इत्यादि अमेरिकन कंपन्या सात उतारूंच्या लांबलचक टूरिंग मोटारी करीत असत. त्यांत पुढें दोन, मागें तीन आणि मधल्या मोकळ्या जागेंत घडीचीं दोन आसनें असत. पाहुणे आले म्हणजे तीं उघडावयाचीं, आणि ते गेले म्हणजे पुन्हां मिटवून ठेवावयाचीं. या आसनांची पाठ आंखूड व गादी पातळ असे. धन्याची जागा मागच्या रुंद गादीवर. घडीचें आसन मुलांना किंवा पदरच्या माणसांना. सहावें आणि सातवें आसन असें जन्मापासूनच प्रसंगापुरतें होतें, आणि हा जन्मगुण पुढें शंभर वर्षें त्याला चिकटून राहिला.

मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, तेव्हां असल्या गाड्या संस्थानिकांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि मोठ्या वकील-डॉक्टरांच्या दारीं असत. स्वातंत्र्यानंतर चित्र बदललें. देशांतच गाडी घडविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशीं नव्हता अशा परकीय कंपन्यांना येथें राहतां येईना, आणि शिवडीचा कारखाना १९५४ सालीं बंद झाला. पुढें कित्येक वर्षें मध्यमवर्गापुढें मुख्यतः दोनच गाड्या राहिल्या : हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर आणि मुंबईंत कुर्ल्यास प्रीमियर कंपनीनें केलेली फियाट. दोन्हींत पुढचें आसन अखंड बांकासारखें असे. त्यामुळें कागदावर पांच माणसांची असलेली गाडी लग्नसराईंत आठ-नऊ माणसें वाहून नेई. सातवें आसन त्या काळीं गाडींत नव्हतें. तें कोणाच्या तरी मांडीवर होतें.

त्या काळांतील वापरलेल्या गाडीची प्रतिष्ठाही आजच्याहून निराळी होती. नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे; म्हणून ताबडतोब हातीं येणाऱ्या जुन्या गाडीला कित्येकदां नवीच्या ठरीव किंमतीहूनही अधिक भाव येई. त्या वेळीं जुनी गाडी घेणारा माणूस वेळ विकत घेत होता. आज जुनी सात आसनी गाडी घेणारा जागा विकत घेतो. म्हणून मिळणारी जागा खरोखर किती व कशी आहे, हाच त्याचा मुख्य प्रश्न असला पाहिजे.

हिंदुस्थानांतील सात आसनी गाडीचा वंश अँबॅसडरपासून निघत नाहीं. तो जीपपासून निघतो. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला. लांब बांध्याच्या जीपमध्यें मागच्या बाजूस दोन बांकें समोरासमोर असत आणि माणसें एकमेकांकडे तोंड करून, रस्त्याला खांदा देऊन बसत. पोलीस, जंगलखातें, तालुक्याचे अधिकारी आणि खेड्यापाड्यांतील उतारू यांना ही रचना सोयीची होती, कारण थोड्या जागेंत पुष्कळ माणसें मावत. १९९३ सालीं मोटारींच्या धंद्यावरील परवान्याचें बंधन उठलें आणि १९९४ सालीं टेल्को कंपनीनें पुण्याच्या कारखान्यांतून सुमो बाजारांत आणली. तिचें नांव कंपनीचे थोर अध्वर्यु सुमंत मूळगांवकर यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलें आहे. हजारों कुटुंबांनीं अष्टविनायकाची यात्रा प्रथम सुमोंतून केली. तथापि तिच्या पुष्कळशा नमुन्यांत मागें तींच जीपचीं समोरासमोर बांकें होतीं, आणि त्यांवर नेहमीं मुलें बसत.

आडव्या बांकाचा दोष प्रवास सुरळीत असेपर्यंत दिसत नाहीं. गाडी एकाएकीं थांबली किंवा समोर आदळली म्हणजे समोर तोंड करून बसलेल्या माणसाला पाठीमागचा आधार आणि छातीवरचा पट्टा सांवरतो. आडव्या बसलेल्याचें शरीर बाजूला फेंकलें जातें आणि मानेला व बरगड्यांना हिसका बसतो. लहान मुलाची स्वतंत्र खुर्ची अशा बांकावर सुरक्षितपणें बसवितां येत नाहीं. जेथें कुटुंबांतील सर्वांत लहान जीव बसावयाचे, तीच जागा गाडींत सर्वांत उघडी होती.

हा पेंच इतर देशांत थोडा आधीं सुटला होता. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९८३ च्या अखेरीस आणि फ्रान्समध्यें रेनॉ कंपनीनें १९८४ सालीं कुटुंबाच्या गरजेभोंवतीं आंखलेल्या गाड्या काढल्या. त्यांचा तळ सपाट व ठेंगणा, छत उंच आणि तिन्ही ओळी समोर तोंड केलेल्या. १९९९ सालीं ओपेलच्या झाफिरा गाडींत शेवटचीं दोन आसनें मिटून तळांत गडप होऊं लागलीं. आपल्याकडे हा विचार आशियाच्या वाटेनें आला. इंडोनेशियांत १९७७ पासून चालत आलेल्या टोयोटा किजांग या गाडीच्या वंशांतून येथें २००० सालीं क्वालिस व २००५ सालीं इनोव्हा आली, आणि २०१२ सालीं मारुतीची अर्टिगा आली. क्वालिसच्या कांहीं नमुन्यांत अद्याप आडवीं बांकें होतीं. इनोव्हा व अर्टिगा यांत मात्र घरचा सातवा माणूस इतरांप्रमाणेंच समोर पाहूं लागला. तरीहि आडवीं आसनें अजिबात नाहींशीं झालेलीं नाहींत. कांहीं जीपवजा गाड्यांत तीं अजून असतात, तेव्हां मागचें दार उघडून पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

यानंतरचा फेरफार करविभागानें घडविला. २००६ सालच्या अंदाजपत्रकांत लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलें, आणि लहान मोटार म्हणजे चार मीटरांहून अधिक लांब नसलेली, अशी मर्यादा ठरली. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तु-सेवा कराच्या दरांतही ही रेषा कायम आहे. एंजिनाच्याही मर्यादेंत असलेल्या लहान गाडीला १८ टक्के, मोठीला ४० टक्के. साहजिकच चार मीटरांच्या आंत सात आसनें बसविण्याची खटपट सुरू झाली. २०१५ ची डॅट्सन गो-प्लस आणि २०१९ ची रेनॉ ट्रायबर हीं त्याचींच उदाहरणें. ट्रायबरचीं मागचीं आसनें काढून ठेवतां येतात, ही तिची हुशारी. परंतु सातही आसनें जागेवर असतांना डिकींत केवळ ८४ लिटर जागा उरते, आणि मागचीं काढल्यावर ती ६२५ लिटर होते. पहिल्या अर्टिगाची डिकी तिन्ही ओळी उभ्या असतां १३५ लिटर होती. २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तींत ती २०९ लिटर झाली. हातांतून नेण्याची एक मध्यम बॅग सुमारें ४० लिटर जागा घेते. सात माणसें आणि सात बॅगा हा हिशेब यांपैकीं कोणत्याच गाडींत पुरा बसत नाहीं, डिकींत सी.एन.जी.ची टाकी असेल तर तो आरंभींच मोडतो. टपावर कॅरिअर बसवावा लागेल, हें आधींच धरून चालावें.

वापरलेल्या गाडीच्या बाबतींत या सामान्य इतिहासाला त्या एकट्या गाडीचा इतिहास जोडावा लागतो. इनोव्हासारख्या गाड्या भाड्याच्या धंद्यांत फार चालल्या. पिवळ्या पाटीवर काम केलेली गाडी रीतसर नोंदणी बदलून पांढऱ्या पाटीवर येऊं शकते, आणि त्यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं. पण तिचें आयुष्य किती खर्ची पडलें तें घेणाऱ्याला ठाऊक असलें पाहिजे. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो. पायाखालचें झिजलेलें रबर, गुळगुळीत झालेलें चक्र, मागच्या ओळीची दबलेली गादी आणि दुरुस्तीचीं जुनीं बिलें यांची संगति मात्र सहसा जुळवितां येत नाहीं.

गाडीचें सालही पुष्कळ सांगून जातें. एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. ब्रेक आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून चालकासाठीं एअरबॅग हीं नव्या मोटारींत सक्तीचीं झालीं; त्यापूर्वींच्या स्वस्त नमुन्यांत तीं असतीलच असें नाहीं. एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम आले आणि मारुतीनें डीझेल मोटारी करणें थांबविलें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें तपासणीनंतर पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. म्हणून बारा वर्षांची गाडी स्वस्त वाटली तरी तिच्यापुढें किती मुदत उरली, तें मोजूनच किंमत ठरवावी.

परीक्षेचा प्रारंभ शेवटच्या ओळीपासून करावा. घरांतील सर्वांत वयस्क माणसाला मधलें आसन सरकवून मागें चढूं द्यावें. चढतां येतें कीं नाहीं, गुडघे छातीशीं येतात कीं काय, डोकें छताला लागतें काय, वारा मागपर्यंत पोंचतो काय, हें त्यानेंच सांगावें. प्रत्येक आसनाला डोक्याचा आधार आणि खांद्यावरून येणारा पट्टा आहे कीं नाहीं, तें पाहावें. मागचा पट्टा अगदीं शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाडी पुरांत बुडालेली असेल तर धुऊन-पुसून चकचकीत केल्यावरही पट्ट्याच्या आंतल्या टोंकाला चिखलाची रेघ राहते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. अशी वेळ कोणत्याही पावसाळ्यांत कोणत्याही गांवावर येऊं शकते, म्हणून ही रेघ पाहण्याची संवय ठेवावी.

चालवून पाहतांना बहुधा दोनच माणसें बसतात, आणि पुढचा सगळा प्रवास सात जणांनीं करावयाचा असतो. विकणाऱ्याची संमति घेऊन सातही जणांसह एखादा चढ चढून व उतरून पाहावा. क्लच घसरतो काय, ब्रेक ओढ घेतात काय, मागचा भाग खालीं टेंकतो काय, तें त्या एका चढावर कळतें. टायरवरील शेवटचे चार आंकडे तो कोणत्या आठवड्यांत व कोणत्या सालीं तयार झाला तें सांगतात. खांचा खोल असूनही टायर जुना असूं शकतो.

शेवटीं कागद. नोंदणीच्या दाखल्यावरील सात या आंकड्यांत चालकही धरलेला असतो. तो निराळा मोजावयाचा नाहीं. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें एकाच राज्यांतील विक्रीची खबर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत द्यावयाची असते. ही औपचारिक बाब समजून कित्येक जण ती लांबणीवर टाकतात. पण सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच कायद्यानें मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. विकणारा व घेणारा या दोघांचेंही हित नांव ताबडतोब बदलण्यांत आहे. विम्याचा कागदही त्याच वेळीं नव्या नांवावर करून घ्यावा.

शंभर वर्षांत घडीच्या फळीपासून मांडीपर्यंत, मांडीपासून आडव्या बांकापर्यंत आणि बांकापासून समोर पाहणाऱ्या खुर्चीपर्यंत सातव्या आसनाचा प्रवास झाला. तो अजूनही पुरा झालेला नाहीं, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारांत त्याचे सगळे टप्पे एकाच रांगेंत शेजारीं-शेजारीं उभे असतात. त्यांतून गाडी निवडतांना घरांतल्या कर्त्या माणसानें चालकाच्या जागेवरून एकदां उठावें, आणि जें माणूस मुकाट्यानें एस्टीनें जावयास तयार झालें होतें, त्याला शेवटच्या ओळींत बसवून विचारावें. तें माणूस तेथें बसून कोंकणापर्यंत जावयास खुशीनें तयार असेल, तर ती गाडी घ्यावी.